दोनशे सत्तर तोळे

सरांना कालच्या सामन्यात कोण जिंकलं हे कधीच माहीत नसतं. पण ती स्पर्धा सुरू कोणी केली, त्याआधी ती किती वर्षं कोणी होऊ दिली नाही आणि पहिला नकार कोणी कोणाला दिला, एवढं विचारून बघा. मात्र विचारण्याआधी गाडी किती वाजताची आहे ते बघून घ्या.

खेळाच्या आसपास अशी एक जात असतेच. तिला मैदान नको, चेंडू नको, फक्त साल हवं. आमचे सर त्या जातीतले. तलासरी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत पीटी शिकवून निवृत्त झाले, आता डहाणूत मसोलीला राहतात. नोकरीभर मुलांना कबड्डी, खो-खो आणि लेझीम शिकवली. रग्बी शिकवली नाही, कारण शाळेला तो चेंडू कधी मिळालाच नाही. रग्बी त्यांना सापडली निवृत्तीनंतर, एका जुन्या क्रीडाकोशात, आणि तीही थेट इतिहासाच्या पानावर. नियमांचं पान त्यांनी अजून उलटलेलं नाही, असा माझा संशय आहे.

इथे कोणत्याही टपरीवर बसा, बोलणं जमिनीवर येतं. एक्स्प्रेसवेत कोणाची गेली, बुलेट ट्रेनमध्ये कोणाची गेली, मोबदला कोणी उचलला, उताऱ्यावर नाव कोणाचं लागलं. सर याच हवेत वाढले, त्यामुळे रग्बीच्या लीगचा इतिहासही ते सातबारा वाचल्यासारखा सांगतात. मूळ मालक कोण, फेरफार कधी झाला, कोणाचं नाव कोणी कमी केलं.

मूळ मालक म्हणजे आपण. सरांचा दावा असा. 1872 च्या नाताळात कलकत्त्याच्या साहेबांनी आपसांत रग्बीचा सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडची माणसं, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सची. महिनाभरात, 1873 च्या जानेवारीत, कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. सभासदांना क्लबात दारू फुकट होती, त्यामुळे खेळाची आवड झपाट्याने वाढली. मग फुकटची दारू बंद झाली आणि आवड तितक्याच झपाट्याने ओसरली. एक पलटण बदलून गेली, उरलेले पोलो आणि टेनिसकडे वळले. क्लब मोडायची वेळ आली तेव्हा खात्यात शिल्लक होती ती चांदीच्या रुपयांत. ते 270 रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवून घेतला. त्याला तीन कान, तिन्ही नागाच्या आकाराचे, आणि झाकणावर हत्ती.

"दोनशे सत्तर रुपये म्हणजे किती?" सर इथे थांबून विचारतात.

"दोनशे सत्तर," कोणीतरी नवखा म्हणतो.

"दोनशे सत्तर तोळे! राणीचा रुपया एक तोळ्याचा होता." हे ऐकून काकू स्वयंपाकघरातून दर वेळी बाहेर येतात. रग्बीच्या इतिहासातला तेवढाच भाग त्यांना मनापासून आवडतो.

1878 मध्ये तो चषक इंग्लंडच्या रग्बी युनियनला भेट गेला, आणि सरांच्या मते घोटाळा इथेच झाला. कलकत्तेवाल्यांची इच्छा होती की यावर दरवर्षी क्लबाक्लबांची स्पर्धा व्हावी, फुटबॉलवाल्यांच्या एफ. ए. कपासारखी. युनियनने चषक ठेवून घेतला आणि स्पर्धा नाकारली. क्लब चषकासाठी भांडायला लागले की चुरस वाढेल, चुरशीमागून पैसा येईल, आणि सभ्य गृहस्थांचा खेळ बाटेल, ही भीती. मग 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या चषकासाठी खेळू लागले, ते आजतागायत. "देणगी दिली शाळेसाठी, बांधला बंगला," सर म्हणतात. तलासरीत या वाक्यावर लोक ताबडतोब माना डोलावतात. तिथे रग्बी समजावून सांगावी लागत नाही.

त्या चांदीचे पुढे हालही झाले. 1988 मध्ये एडिंबरोत सामना संपल्यावर रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री असे दोघे मिळून तो चषक घेऊन रस्त्यावर गेले, आणि पहाटेपर्यंत त्याला पोचे आले. जेफ्रीला काही महिन्यांची बंदी, रिचर्ड्सला एका सामन्याची. हा शिक्षेतला फरक सरांना सामन्याच्या निकालापेक्षा जास्त लागला आहे. निकाल त्यांना विचारू नका, माहीत नाही.

इंग्लंडने नाकारलेली गोष्ट फ्रान्सने 1892 मध्ये एका दिवसात करून टाकली. पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत संघ दोन आणि सामना एक. रेसिंग क्लबने स्टाद फ्रान्सेला 4-3 असं हरवलं, आणि पंच होते पियेर द कुबेर्तां, पुढे ज्यांनी ऑलिंपिक सुरू केलं तेच. त्या एका सामन्याची वाढत वाढत आजची चौदा संघांची लीग झाली. सरांना हे फार पटतं. "दोन संघ असले की लीग होते," असं म्हणून ते एकदा डहाणू आणि तलासरी पंचायत समितीच्या दिशेने बोट दाखवते झाले. दोन तालुके, दोन संघ. मैदान कुठे, यावर बोलणं फिसकटलं. तलासरीकर म्हणाले हायवेलगत, डहाणूकर म्हणाले पारनाक्याला समुद्राच्या वाळूत. भरतीचं वेळापत्रक मध्ये आलं आणि लीग बारगळली.

खरी गंमत 1895 ची आहे, आणि ती सरांपेक्षा त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला नीट समजावली. हा मुलगा झरीच्या बाजूचा, कबड्डीत पकडीला जबरदस्त, आता उंबरगावच्या जीआयडीसीत कंपनीत जातो. सर सांगत होते की उत्तर इंग्लंडमधले खेळाडू खाणीत आणि गिरणीत काम करायचे. शनिवारी सामना म्हटला की अर्ध्या दिवसाची मजुरी जायची. ती भरून द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं. युनियन म्हणाली, पैसे घेतले की तो खेळाडू नव्हे. तेव्हा उत्तरेकडचे क्लब हडर्सफील्डच्या एका हॉटेलात जमले आणि फुटून निघाले. त्यांची रग्बी वेगळी झाली, आणि मूळच्या रग्बीत पैसे उघडपणे घ्यायला 1995 साल उजाडलं. बरोबर शंभर वर्षं.

"म्हणजे सर, खाड्याचे पैसे," मुलगा म्हणाला.

"काय?"

"खाडा पडला त्याचे पैसे मागत होते ते. आमचा ठेकेदारही देत नाही."

सरांनी वहीत लिहून घेतलं. त्यांच्या वहीत तोवर या प्रकरणाला अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण होतं. ज्या तालुक्यातल्या झरीत 1945 मध्ये वारल्यांनी वेठ बंद करण्याची शपथ घेतली, तिथल्या मुलाला हडर्सफील्ड समजायला वही लागत नाही, हे सरांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. ते पुढच्या सालावर गेले होते.

पुढचं साल 1987. इंग्लंडमध्ये क्लबांची राष्ट्रीय लीग अखेर सुरू झाली. पहिल्या वर्षी लीस्टर जिंकलं. हा एक निकाल मात्र सरांना पाठ आहे, कारण तो पहिला आहे. लीगला नाव मिळालं करेज, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीचं. सर इथे आवाज खाली आणतात. "बघा. फुकटची दारू बंद झाली म्हणून कलकत्त्याचा क्लब बुडाला. आणि लीग उभी राहिली ती दारूवाल्याच्या पैशावर." ताडीच्या दुकानाजवळ हे सांगितलं तेव्हा दुकानदाराने पहिल्यांदाच खेळांना आश्रय देण्याची तयारी दाखवली. सर दचकले. पीटीचे मास्तर शेवटी. शिवाय पैसा आला म्हणजे भलं झालं असंही नाही, हे त्यांच्याकडे तारखेसह आहे: 2022 मध्ये वॉस्प्स आणि वूस्टर हे दोन क्लब कर्जात बुडून लीगबाहेर गेले, 2023 मध्ये लंडन आयरिश.

आपल्याकडे 1924 पासून कलकत्ता, मुंबई, मद्रास अशा शहरांतले क्लब अखिल भारतीय स्पर्धा खेळत आले. मुंबईत ती बॉम्बे जिमखान्याची हिरवळ, आणि ती हिरवळ सरांनी कुंपणाबाहेरून पाहिली आहे. पण लीग नव्हती. क्रिकेटची 2008 ला झाली, कबड्डीची 2014 ला. रग्बीची रग्बी प्रीमियर लीग आली ती 15 जून 2025 ला, सहा संघांची, अंधेरीच्या शहाजीराजे भोसले क्रीडा संकुलात. सर डहाणू लोकलने गेले. शंभरेक किलोमीटर, पावसात, डबा घेऊन. विरारला गर्दी आत घुसली तेव्हा शेजारचा प्रवासी म्हणाला, काका, हीच तुमची रग्बी. सर रागावले. त्यांच्या मते स्क्रममध्ये, म्हणजे रग्बीतल्या रेटारेटीत, दोन्ही बाजूंची डोकी मोजलेली असतात आणि पंच असतो. इथे चौथ्या सीटवर बसलेल्या माणसालासुद्धा नियम लागू नाही.

सामना सोळा मिनिटांचा होता. सात-सात खेळाडू, चार-चार मिनिटांचे चार डाव. सरांनी शेजारच्या तरुणाला 1872 पासून सांगायला घेतलं. ते हडर्सफील्डला पोचले तेव्हा दोन्ही संघ हात मिळवत होते. दुसऱ्या सामन्यात त्यांनी 1892 गाळून बघितलं, तरी 1987 राहिलंच. 29 जूनला चेन्नई बुल्सनी दिल्ली रेड्झना 41-0 असं चिरडलं, हे मी सांगितलं तेव्हा सर म्हणाले, "असेल. पण पहिली लीग ती."

घोलवडच्या चिकूवाडीतही त्यांनी रग्बी नेली. चिकूच्या एका जातीला क्रिकेट बॉल म्हणतात, मोठी गोल. आपल्याकडची कालीपत्ती लांबट. सरांचं म्हणणं, कालीपत्तीचं नाव रग्बी बॉल ठेवा. वाडीचे इराणी शेठ शांतपणे म्हणाले, "मास्तर, घोलवडच्या चिकूला 2016 मां जीआय मळेला छे. आता नाव बदलायचं तर चेन्नईला जा." सरांनी चेन्नईचा पत्ता मागून घेतला.

मागच्या आठवड्यात पतपेढीत गाठ पडली. सर, तो झरीचा मुलगा आणि काउंटरवरचा क्लार्क. सरांनी 270 रुपयांवर 1878 पासून 2025 पर्यंतचं चक्रवाढ व्याज मागितलं होतं. सहा टक्क्यांनी साधारण चौदा लाख निघाले.

"चौदा लाखांत किती जणांचे खाडे भरतील, सर?" मुलाने विचारलं.

"पण सहा टक्के का? तुम्ही कर्जाला किती लावता?" सर क्लार्ककडे वळले.

क्लार्कने नऊ टक्के टाकून बघितले. साडेआठ कोटी. सरांचा चेहरा असा फुलला की काउंटरवरची रांग पुढे सरकून आकडा बघू लागली.

"व्याज ठीक आहे, सर," क्लार्क म्हणाला, "पण मुद्दल कलकत्त्याचं, कप इंग्लंडकडे. तुमचं नाव कुठे आहे यात?"

"वहिवाट आमची आहे," सर म्हणाले. "या तालुक्यात त्या कपाबद्दल रोज दुसरं कोण बोलतं, दाखवा."

रांगेतल्या दोघांनी साक्षीदार म्हणून सही करायची तयारी दाखवली.