पाहुणे दोन, थाट एकालाच

दसरा-दिवाळी सरली की इंदापूर तालुक्यात दोन पाहुणे उतरतात. पहिले उतरतात भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात. त्यांचं मराठी नाव रोहित, पण फ्लेमिंगो म्हटलं की पुण्याच्या गाड्या जास्त येतात. त्यांच्यापायी नावाड्याला काम आहे, गाईडला काम आहे, मुक्कामाला खोल्या आणि ताटात चिलापीचं कालवण आहे. यंदा पक्षी उशिरा का आले, यावर पेपरात चिंता छापून येते.

दुसरे पाहुणे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरतात. बीड, जालना, अहिल्यानगरकडचे. सोबत पत्र्याची पेटी, बाजरीचं पोतं, दोन लेकरं, एखादी शेळी. छत्रपती, कर्मयोगी, नीरा-भीमा, पलीकडे बारामतीत माळेगाव आणि सोमेश्वर, या सगळ्यांची धुराडी त्यांच्या जिवावर पेटतात. त्यांच्याबद्दल एकच चौकशी होते, "औंदा कोयते किती आलेत?" कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीतलं एक अंथरुणाला खिळलं की टोळी आणणाऱ्या मुकादमाच्या वहीत उरतो अर्धा कोयता. आजाराचं इतकं नेमकं निदान जिल्हा रुग्णालयातही होत नाही.

आता हा अर्धा कोयता तापाने झाला की डोक्यात चाललेल्या विचारांनी झाला, हे वहीत लिहायला रकाना नाही. फडावर बोलताना कोणी 'नैराश्य' म्हणत नाही. म्हणतात ते असं: झोप येईना, जीव लागंना, डोकं नुसतं भणभण करतंय. यावर उपाय दोन. बापयाला देशी आणि बाईला तंबाखूची मिसरी. दोन्ही फडाच्या कडेलाच मिळतात, त्यासाठी रांग लावावी लागत नाही.

कोपी बघितली असेल तर यात नवल वाटणार नाही. बांबूच्या ताट्या वाकवून वर पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद, आत वाकून शिरायचं. बाई पहाटे तीनला उठते. चूल, भाकरी, पाणी, मग फड. तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या, गाडी भरायची. नवरा रात्री कारखान्याच्या गव्हाणीपुढे वजनकाट्याच्या रांगेत बैलगाडीखाली झोपतो. ती इकडे अंधारात, कुडाला दार नसलेल्या कोपीत, वयात आलेल्या पोरीला भिंतीकडच्या अंगाला घेऊन पडते. भिंत म्हणजे पाचटच. अशी पाच-सहा महिने झोपमोड झाली तर साखर आयुक्तालयातल्या कोणाही साहेबाचं डोकं ठिकाणावर राहणार नाही.

नीलम गोऱ्हे यांच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी केली, तेव्हा त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पुष्कळ गवगवा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण पिशवीसोबत अंडाशयही गेलं असेल, तर तिशीतच पाळी गेल्याचे सगळे भोग मागं लागतात: अंग भाजणं, रडू येणं, रात्र रात्र टक्क जागं राहणं. त्या बाया पुढच्या दसऱ्याला पुन्हा ट्रॉलीत बसल्या. पिशव्या मोजल्या गेल्या, त्यानंतरच्या रात्री कोणी मोजल्या नाहीत.

सरकारने काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, त्यात उपचार मिळणं हा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ पासून मनाच्या आजारावर फोनवरून सल्ला देणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतून बोलतात, पैसे घेत नाहीत. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ आहे, त्यासाठी उसाच्या टनामागे १० रुपये धरलेले आहेत. बारामतीत २०१९ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मानसोपचार विभाग आलाच. सगळं आहे. फक्त या सगळ्याला एक गोष्ट लागते, रुग्णाने एका जागी बसून राहणं.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम नावाप्रमाणे जिल्ह्याचा. कायदाही 'राहत्या जिल्ह्या'चा हिशेब धरतो. आणि आमचा गडी सहा महिने एका जिल्ह्यात, सहा महिने दुसऱ्या. भाद्रपदात शिरूर कासारच्या सरकारी दवाखान्यात एखादीला गोळ्या चालू झाल्या असं धरा. या गोळ्यांचा गुण यायलाच दोन-चार आठवडे जातात, आणि बरं वाटलं तरी पुढे काही महिने त्या घ्याव्या लागतात. गुण येण्याच्या सुमारास दसरा येतो, मुकादम येतो, ट्रॅक्टर येतो. महिन्याभराच्या गोळ्या बारामतीत पोचेपर्यंत संपतात. बीडच्या कागदावर ती 'पुन्हा आली नाही', पुण्याच्या कागदावर ती मुळात आलेलीच नाही. टेलिमानसच्या नंबरचंही तेच. कोपीत वीज नसते, फोन एकच असतो, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा काट्यावर. समुपदेशकाशी बोलायचं ते दहा जणांच्या टोळीसमोर.

बरं, दवाखाना दहा-पंधरा किलोमीटरवर आहे म्हणून गेलीच, तर दिवस मोडतो. दिवस मोडला की खाडा, खाडा पडला की उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांत, वाढ, आणि उचल फिटली नाही की पुढच्या सालाला त्याच मुकादमाकडे. डॉक्टर सांगणार, ताण घेऊ नका. ताण तिने घेतलेला नाही, उचल घेतलेली आहे.

गंमत अशी, की ज्याच्या उसात हा कोयता चालतो तो इंदापूरकर स्वतःही उठवलेलाच. उजनी धरण १९८० मध्ये भरलं आणि भीमाकाठची गावं पाण्यात गेली. पळसदेवचं जुनं मंदिर दुष्काळाच्या उन्हाळ्यात वर येतं. २०२४ च्या मे महिन्यात धरण वजा ५० टक्क्यांच्याही खाली गेलं तेव्हा लोक फोटोला धावले. त्या गर्दीत फोटो न काढणारे म्हातारेही असतात. इथं आमचा वाडा, इथं पार, इथं बाजार, असं नातवाला बोटाने दाखवतात, नातू म्हणतो, "चला, ऊन झालं." या म्हाताऱ्यांना नवं गावठाण मिळालं, सरळ रस्त्यांचं. अठरा नागरी सुविधांची यादी झाली, त्यात खळवाडी आहे, स्मशानभूमी आहे. फुटलेली भावकी आणि दुसरीकडे गेलेला शेजार कोणत्या कलमाखाली भरून द्यायचा, ते त्या यादीत नाही. दाखला मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालतो, धरणग्रस्त म्हणून नोकरीत पाच टक्के.

जमीन गेली त्यांनी मागं राहिलेल्या रानात धरणाचं पाणी उचलून ऊस केला, पाइपलाइनी केल्या, कर्ज काढलं. आज त्यांच्या बांधावर बीडच्या माणसाची कोपी पडते. एकाचं गाव पाण्याने घालवलं, दुसऱ्याचं पाणी नसल्याने. दोघं एकमेकांकडे संशयाने बघतात: शेतकरी म्हणतो, तोडीला वर एकरी पैसे मागतात, कोयतेवाला म्हणतो, पाण्याचा हंडा भरू देत नाहीत. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. एकमेकांना उठवलं गेल्याची गोष्ट मात्र सांगितलेली कधी ऐकली नाही.

"फिरत्या माणसाला फिरता दवाखाना कसा देणार?" असा एक अधिकारी-प्रश्न यावर ठरलेला असतो. याच दोन तालुक्यांत दर आषाढात त्याचं उत्तर मिळतं. तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत जाते, तेव्हा वाटेवर आरोग्य पथक असतं, रुग्णवाहिका असते, पाण्याचे टँकर असतात, फिरती शौचालयं असतात. लाखो माणसं रोज गाव बदलतात आणि यंत्रणा त्यांच्याबरोबर गाव बदलते. छानच होतं, त्याबद्दल शंका नाही. कोयता तर वारकऱ्याइतकाही फिरत नाही. कारखान्याच्या गट कार्यालयाला आजचा फड, उद्याचा फड, गाडीचा नंबर, सगळं ठाऊक असतं. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्यांना घरी सोडायचं ठरलं तेव्हा सरकारकडे सव्वा लाखावर मजुरांचा आकडा तयार होता. पत्ता सापडत नाही ही सबब तेव्हाच संपली.

मागणं फार नाही. गोळ्यांचं कार्ड एका जिल्ह्याचं दुसऱ्यात चालावं, निघताना तीन महिन्यांच्या गोळ्या हातात मिळाव्यात, हंगामात आठवड्यातून एकदा मनाचा डॉक्टर तळावर यावा, तोही संध्याकाळी, आणि टनामागच्या १० रुपयांतून दवाखान्याच्या दिवसाची मजुरी भरून द्यावी. महामंडळाने हे गाळप सुरू व्हायच्या आधी ठरवावं, हंगाम संपून पट्टा पडल्यावर सत्कार नकोत. आणि इंदापूर-बारामतीच्या बागायतदार वाचकांनो, तुमच्या उसाला तोड आली आणि टोळीतली एक बाई दवाखान्यात गेली, तर मुकादमाला गाठून एवढं सांगा, की तिचा त्या दिवसाचा खाडा लावू नकोस, आणि तो ऐकेना तर ते पैसे तुमच्या खिशातून द्या.