पट्टी पुसणारे काकाजी

रामटेकला कुणाच्या गाडीचं इंजिन बसलं की गॅरेजात दोघं जण हमखास पोचतात. एक टोचन करून आणणारा आणि दुसरे काकाजी. टोचनवाल्याला बोलवावं लागतं.

असे काकाजी आता प्रत्येक मोहल्ल्यात एक तरी सापडतात. सरकारी खात्यातून निवृत्त, दाराशी पांढरी ऑल्टो, शर्टाच्या खिशात पेन आणि पँटच्या मागच्या खिशात जुन्या बनियनचं फडकं. फडकं घाम पुसायला नाही. उन्हाळ्यात त्यानं कपाळ पुसायला गेलेल्या पाहुण्याला काकाजींनी अर्ध्यात थांबवलेलं आहे. ते ऑइलच्या पट्टीचं फडकं.

सकाळी इंजिन थंडगार असताना बॉनेट उघडतं. पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा खालपर्यंत घालायची, पुन्हा ओढायची आणि उन्हाकडे धरून बघायची. दोन खुणांच्या मध्ये ऑइल असलं की काकाजींचा चेहरा सैल होतो. मग तो थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळून त्याचा वास घ्यायचा. वासावरून नेमकं काय कळतं हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

“काकाजी, का करून राह्यले?” शेजारचा पोरगा रोज विचारतो.

“ऑइल पाहून राह्यलो.”

“काल तं पाह्यलं ना जी!”

“काल होतं. आज आहे का, ते पाहून राह्यलो.”

लोकांना वाटतं, काकाजींचा गाडीवर जीव आहे. मला तसं वाटत नाही. त्यांचा जीव आहे पैशावर, आणि गाडी ही पैसा गिळायला दाराशी येऊन बसलेली वस्तू आहे अशी त्यांची पक्की खात्री आहे. म्हणून ते तिला सतत थोडंथोडं चारत असतात. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदलायचं, असं पुस्तकात लिहिलंय. काकाजींच्या गाडीला दहा हजार किलोमीटर कधीच आधी येत नाहीत. वर्ष मात्र दरसाल येतं. त्या दिवशी मिस्त्रीसमोर उभं राहून ते ऑइल बदलून घेतात, फिल्टर जुना काढून नवाच लावला का ते वाकून बघतात आणि डायरीत तारीख, किलोमीटर, रक्कम लिहितात. टायमिंग बेल्टची नोंद तर ठळक अक्षरात आहे. तो पट्टा चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकू शकतात आणि इंजिन उघडावं लागू शकतं, हे ते लग्नाच्या पंगतीतसुद्धा, समोरच्याच्या हातात बुंदी असताना सांगतात.

तरी काकाजींचं एक दुःख आहे. त्यांच्याकडे सांगायला गोष्ट नाही. पुतण्याकडे आहे. पुतण्या भर मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला असताना, मागे बायकोची मावशी बसवून नागपूरला निघाला. कन्हानच्या पुलाजवळ काटा लालात गेला, वाफ निघाली, मावशी ओरडली, मग हेड उतरलं, गॅसकिट गेलं, बिल आलं. ही गोष्ट तो वर्षभर सांगतोय आणि दर वेळी मावशी जरा मोठ्यानं ओरडते. काकाजीही त्याच मे महिन्यात, त्याच रस्त्यानं गेले होते. त्यांची गोष्ट अशी: “नागपूरले गेलो. वापस आलो.”

एवढ्यावर चहासुद्धा कुणी पाजत नाही.

म्हणून ते दुसऱ्यांच्या इंजिनांवर भूक भागवतात. गॅरेजात खोललेलं हेड दिसलं की टायरवर टेकतात आणि गाडीमालकाची उलटतपासणी घेतात. “कूलंट टाकत होता का नळाचं पाणी?” मालक खाली बघतो. मग काकाजी ठसक्यात सांगतात, की नळाच्या पाण्यातले क्षार आत बसतात, गंज चढतो, रेडिएटर चोक होतो, इंजिन तापतं आणि ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. दोन-चारशे रुपयांच्या बाटलीपायी हजारोंचं काम निघतं. मालकाला हे सगळं पटतं. त्याचं दुर्दैव इतकंच की ते त्याला आत्ता पटतं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, उभ्या गाड्या बुडाल्या. काकाजींच्या साळ्याचा फोन आला.

“भाऊजी, घरात कमरेइतकं पाणी शिरलं!”

“चावी लावली काय?”

“कोणती चावी?”

“गाडीची! लावजो नको. बॅटरीची तार काढ अन् टोचन करून ने.”

बुडालेली गाडी सुरू केली की इंजिन पाणी ओढतं, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि विमेवाला वर तोंड करून म्हणतो की हे नुकसान तुम्हीच करून घेतलं. घरची माणसं सुखरूप आहेत का, हे काकाजींनी विचारलं, पण नंतर. काकू ते अजून विसरलेल्या नाहीत.

काकूंचा दुसरा राग तमाखूचा. शेजारी धानाची पोती, म्हणजे उंदीर आले. उंदीर आले म्हणजे वायरिंग गेलं. काकाजींनी उपाय काढला तमाखूच्या पानांच्या पुरचुंड्यांचा, बॉनेटखाली गरम भागापासून लांब बांधायच्या. आयुष्यात ज्यानं खर्रा घोटला नाही तो माणूस या वयात पानठेल्यावर उभा राहून कडक तमाखू मागायला लागला. बातमी घरी पोचायला वेळ लागला नाही. हातांना वास होताच. “गाडीसाठी आहे,” हे उत्तर जगातल्या कुठल्याही बायकोला खोटंच वाटेल.

उभी गाडीही बिघडते, बॅटरी उतरते, टायर एकाच जागी दबतात, म्हणून रविवारी गाडी गडावर न्यायची. लोक रामाच्या दर्शनाला जातात आणि त्यासाठी गाडी काढतात. काकाजी गाडी काढतात आणि आलोच आहोत तर हात जोडतात. वर वानरांचा उपद्रव. एकदा एकानं वायपर उपटला, तेव्हापासून काकू गाभाऱ्यात आणि काकाजी काठी घेऊन बॉनेटपाशी. उतरताना दुसरा गियर. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की लायनर तापतात, म्हणून इंजिनावर गाडी तोलत, मागच्या सगळ्यांचे हॉर्न कानाआड करत ते खाली येतात.

आषाढाच्या पहिल्या दिवशी गावात कालिदासाची आठवण निघते. काकाजींच्या लेखी तो दिवस वायपरचं रबर बदलायचा. मात्र ‘मेघदूता’वर त्यांचं स्वतःचं मत आहे. यक्षानं नेमून दिलेल्या कामात हयगय केली, म्हणून कुबेरानं त्याला वर्षभरासाठी बायकोपासून तोडलं आणि तो गडाच्या याच डोंगरावर येऊन राहिला, असं इथं मानतात. “रोजचं काम रोज पाह्यलं असतं,” काकाजी म्हणतात, “तं ढगाच्या हाती निरोप धाडायची पाळी आली नसती.” मल्लिनाथाच्या टीकेत हे सापडत नाही. १९९७ पासून गावात संस्कृत विद्यापीठ आहे, तिथं तरी कुणी मनावर घ्यावं.

यंदा मुलानं हट्ट धरला, तेव्हा काकाजींनी गाडी विकायला काढली. नागपूरहून गिऱ्हाईक आलं. गाडीभोवती फिरलं. ओरखडा नाही. बॉनेट उघडलं, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढऱ्या भुकटीचा कण नाही. आवाज ऐकला, आवाजच नाही. मीटर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

“काकाजी, एवढ्या वर्षांत एवढीच चालली? मीटर मागं तं नाही ना फिरवलं?”

काकाजींनी एक शब्द न बोलता डायरी पुढे केली. गिऱ्हाइकानं पहिलं पान बघितलं, मधलं बघितलं, शेवटचं बघितलं आणि डायरी मिटली.

“हे सगळं एका रात्रीत लिहिलं जी तुम्ही. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पेन एकच आहे.”

पेन एकच होतं. वेळेवर रिफिल बदलली आणि टोपण लावून ठेवलं की पेन टिकतं, हे काकाजी त्याला फाटकापर्यंत समजावत गेले.