यमलिहे

कोकणात उतरायला प्रत्येकाचं काहीतरी कारण असतं. कुणाचा नवस, कुणाच्या सामाईक जमिनीची मोजणी, कुणाला नुसताच बांगडा. आम्ही उतरलो ते कन्येच्या सुट्टीच्या अभ्यासापायी. कन्या चौथीत. अभ्यास एका कागदाचा: 'सूर्यग्रहण : अक्षरे जुळवा, शब्द ओळखा.' कागदाच्या कोपऱ्यात गॉगल लावलेला हसरा सूर्य. ग्रहणात चष्मा सूर्याने नव्हे, बघणाऱ्याने लावायचा असतो, आणि तोही बाजारातला गॉगल चालत नाही, हे चित्रकाराच्या कानावर गेलं नसावं. खाली विस्कटलेले शब्द, प्रत्येकापुढे एक सूचना आणि तळाला ठळक अक्षरांत तंबी: 'पालकांनी मदत करू नये.'

ही ओळ वाचली की आमच्या घरातले झाडून सगळे पालक कामाला लागतात. त्यात त्या दिवशी मेहुणे आलेले. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका सूचनेवर बोट ठेवलं : '1868 साली लॉकियर साहेबाने विजयदुर्ग किल्ल्यावरून शोधलेला वायू.'

"अहो, विजयदुर्ग! प्रश्न जिथला आहे तिथे जाऊनच उत्तर लिहायचं. याला फील्डवर्क म्हणतात."

गाडी आमची, पेट्रोल आमचं, दशम्या आमच्या आईच्या, आणि फील्डवर्क मेहुण्यांचं, अशी वाटणी होऊन मे महिन्यातल्या एका पहाटे आम्ही पुणं सोडलं.

'ग्रासख' साताऱ्याच्या आत सुटलं. 'खग्रास' कुणी आधी ओळखलं यावरून मामा-भाचीचं भांडण कराडपर्यंत पुरलं. त्यानंतर कन्येने खणखणीत आवाजात पुढचा शब्द वाचला : "तीकृणाकंक."

"केरळातलं स्टेशन आहे," मेहुणे म्हणाले. "कण्णूरच्या अलीकडे."

"कंकणाकृती," मागून आई म्हणाली. डोळे मिटलेले, हातात जपमाळ.

"आजी, तुला कसं कळलं?"

"दाते पंचांगात असतं. खग्रास, खंडग्रास, कंकणाकृती. स्पर्श, मध्य, मोक्ष. पुढे 'क्षमो' असं काही असेल तर मोक्ष लिही."

होतं. सूचना होती, 'ग्रहण सुटण्याचा क्षण'. आईने कागद पाहिलाही नव्हता. मेहुणे काही वेळ खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पण 26 डिसेंबर 2019 चं कंकणाकृती ग्रहण केरळातूनच दिसलं होतं. म्हणजे मी अगदीच चुकलो नाही." मेहुणे अगदीच कधी चुकत नाहीत. त्यांच्या प्रत्येक चुकीला कुठेतरी एक खरा धागा असतो, आणि तो धरून ते वर येतात.

कोल्हापुराच्या अलीकडे मिसळीला थांबलो. सूर्याची बांगडी कधी दिसते आणि सूर्य पुरता कधी झाकला जातो, हे कन्येला समजावून देण्याची जबाबदारी मेहुण्यांनी आपण होऊन घेतली. प्लेटमधली लिंबाची फोड उचलली, एक डोळा मिटला आणि फोड दुसऱ्या डोळ्यासमोर धरून भिंतीवरचा गोल दिवा झाकला. "सूर्य चंद्राच्या सुमारे चारशे पट रुंद. पण तो चारशे पट लांबही आहे. म्हणून दोघं एकाच मापाचे दिसतात. चंद्र आपल्या फेरीत जरा लांब गेला," इथे त्यांनी हात लांब केला, "की तो लहान दिसतो, आणि कडेने सूर्य उरतो. ती बांगडी."

समजावणं उत्तमच होतं. फक्त दिव्याच्या बरोबर खाली गल्ल्यावर मालकीणबाई बसल्या होत्या. मेहुणे एक डोळा मिटून, हात पुढे करून, लिंबू नाचवत त्यांच्याकडेच बघताहेत, असं सगळ्या हॉटेलला दिसत होतं. वेटर लगबगीने आला आणि न मागता जादा लिंबू ठेवून तिथेच उभा राहिला.

"मग दर अमावास्येला ग्रहण का नाही?" कन्येने विचारलं.

"कारण चंद्राची वाट पाच अंशांनी कललेली आहे," मी संधी साधली. "सूर्याची वाट आणि चंद्राची वाट दोनच जागी एकमेकींना छेदतात. अमावास्या त्या जागांच्या आसपास पडली तरच ग्रहण."

"तेच राहू आणि केतू," आई म्हणाली.

तेच. पंचांगातले राहू-केतू म्हणजे आकाशातले हे दोन छेदबिंदू. शास्त्र आणि आई यांचं एकमत होण्याचे प्रसंग आमच्या घरात विरळा. म्हणून बायकोने लगेच बिल मागवलं.

गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो. पुढचा शब्द होता 'नाकरो'.

"खाऊ ना करो, चिरू ना करो, झोपू ना करो," मेहुणे आईकडे बघत म्हणाले. "आजींच्या ग्रहणाचे नियम हिंदीतून छापलेत."

"करोना," बायको म्हणाली. सूचना होती, 'खग्रास स्थितीत सूर्याभोवती दिसणारा तेजाचा मुकुट'. शब्द ऐकताच आईचा हात पदराकडे आणि पदर नाकाकडे गेला.

"तो आजार सूर्यालापण झाला होता?" कन्या.

सूर्याचा मुकुट आधीचा, विषाणूचं बारसं त्या मुकुटावरून नंतर झालं, हे सांगून तिची समजूत घातली. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सियस, आणि त्याच्या बाहेरचा हा मुकुट दहा लाख अंशांच्या वर, हेही सांगितलं. "म्हणजे शेगडीपेक्षा शेगडीभोवतीची हवा गरम?" बायकोने विचारलं. असंच आहे. आणि ते तसं का, यावर अजून शास्त्रज्ञांचं डोकं तापतं आहे.

'पटवर्ण' आला तेव्हा मेहुणे सरसावून बसले. "पटवर्धन! छपाईत 'ध' आणि 'न' गळलेत." सूचना होती, 'प्रकाश फोडल्यावर दिसणारा रंगांचा पट्टा'. पटवर्धनांचा आणि रंगांच्या पट्ट्याचा काय संबंध, असं बायकोने आपल्या भावाला स्पष्टच विचारलं, आणि 'वर्णपट' लिहायला लावलं. मेहुणे मात्र 'पटवर्धनांचा संबंध निघेल, बघा' म्हणून अडून बसले.

आणि मग घाट लागला. वळणावळणाच्या रस्त्यावर, एका अंगाला दरी आणि समोरून जांभा लादलेला ट्रक येत असताना, मागच्या सीटवरून कन्येचा आवाज आला :

"यम लिहे."

आईची जपमाळ थांबली. "काय गं?"

"यम लिहे, आजी. यमलिहे, यमलिहे, यमलिहे." प्रत्येक वळणावर तिने अक्षरांची फोड नव्याने करून पाहिली. यम लिहे. लिहे यम. हेय मलि.

"घाटात त्याचं नाव काढू नये! आणि तो काय लिहितोय ते तर मुळीच विचारू नये!" आईने आळीपाळीने रामरक्षा आणि मला सूचना सुरू केल्या. "हॉर्न वाजव. हॉर्न वाजव. सावकाश." घाटात छापील कागदात डोकं खुपसून बसलं की पोटात काय होतं, हे मिसळीने दोन वळणांनंतर दाखवून दिलं. गाडी कडेला घेतली. आलेपाक निघाला. यमाचं लिखाण तहकूब झालं.

तळेऱ्यापासून रस्ता समुद्राकडे वळतो. कन्येला एव्हाना अक्षरं उलटसुलट करायची बाधाच झाली होती. दिसेल त्या पाटीचं ती गाठोडं सोडत होती. तळेऱ्याचं 'रेतळे' झालं. पडेल कॅन्टीनचा तिठा आला, तेव्हा 'पडेल' काय पडेल यावर मेहुण्यांनी स्वखर्चाने विनोद केला आणि सगळ्यांना कोकम सरबत पाजलं. विनोद विसरण्यासारखा होता, सरबत नव्हतं.

विजयदुर्ग वाघोटणच्या खाडीच्या तोंडाशी उभा आहे. तीन बाजूंना पाणी, तीन पदरी तटबंदी. शिलाहारांचा, मग आदिलशाहीचा, मग शिवाजी महाराजांचा, मग आंग्र्यांचा. 1756 साली वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले, तोवर या किल्ल्याने भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. एवढा इतिहास मेहुण्यांनी दिंडीदरवाजातच उरकला, कारण त्यांना साहेबाचे कट्टे गाठायचे होते. या कट्ट्यांना कुणी कट्टे म्हणतं, कुणी ओटे. साहेब मात्र सगळ्यांचा एकच.

दुपारचं ऊन. चिरे इतके तापलेले की आईने बसण्याआधी कट्ट्यावर पाण्याची बाटली ओतली. माहिती सांगायला गावातला एक हसतमुख तरुण बरोबर आला होता. त्याने हात कमरेवर ठेवून सुरुवात केली. "18 ऑगस्ट 1868. खग्रास सूर्यग्रहण. लॉकियर साहेब याच कट्ट्यावर दुर्बीण लावून बसलो आणि त्येका हेलियम गावलो."

"हेलियम! यमलिहे!" कन्या ओरडली. मेहुण्यांनी असा काही चेहरा केला की जणू साहेबाला कट्टा त्यांनीच बांधून दिला होता.

आईने पदराने वारा घेत विचारलं, "कुठला महिना म्हणालास?"

"ऑगस्ट, आजी."

"ऑगस्टात?" आईचं माहेर रत्नागिरीकडचं. "अरे, ऑगस्टात आमच्याकडे धुतलेलं लुगडं आठ-आठ दिवस वाळत नसे. चुलीवर दांडी बांधून कपडे सुकवायचे. आणि ह्यांच्या साहेबाला त्या दिवसांत सूर्य दिसला?"

तटावर शांतता पसरली. मेहुणे आभाळाकडे बघू लागले. आभाळ मे महिन्याचं, त्याची साक्ष काय कामाची!

मी आदल्या रात्री थोडं वाचून ठेवलं होतं. पण मेहुणे बरोबर असले की वाचलेलं बोलायला ग्रहणाइतकीच दुर्मीळ संधी मिळते. ती आत्ता आली होती. 18 ऑगस्ट 1868 चं ग्रहण खरंच होतं आणि मोठं होतं. चंद्राची सावली कोकणपट्टीवरून शिरून थेट आंध्रच्या किनाऱ्याने बाहेर पडली. फ्रान्सचा जान्सेन त्यासाठी गुंटूरला आला होता. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश त्याने फोडून पाहिला, आणि त्यातल्या रेषा इतक्या ठसठशीत निघाल्या की दुसऱ्या दिवशी ग्रहण सुटल्यावरही त्याने त्या शोधून काढल्या. लॉकियर तेव्हा होता इंग्लंडात, युद्धखात्यात कारकून. त्याने 20 ऑक्टोबरला घरच्या आकाशात, ग्रहण नसताना, तेच काम केलं. त्यात एक पिवळी रेष होती, ती ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. ते हेलियम. दोघांची पत्रं फ्रेंच अकादमीत एकाच दिवशी पोचली. मग फ्रेंच सरकारने दोघांचेही चेहरे असलेलं एकच पदक काढलं.

"म्हणजे साहेबाक ग्रहण लागलाच नाय?" तरुणाने विचारलं.

"हेलियमसाठी नाही. आणि हेलियम पृथ्वीवर हाती लागायला 1895 उजाडलं. रॅमसेने तो एका खनिजातून काढला."

"मगे ह्ये कट्टे कोणाचे?"

कट्टे साहेबाचेच. कारण लॉकियर विजयदुर्गाला आला होता, अगदी नक्की आला होता : 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला. जानेवारी, म्हणजे आईच्या हिशेबातही बसणारा. 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेचे खलाशी त्याने हाताशी धरले. कुणी कॅमेऱ्याशी, कुणी घड्याळाशी, कुणी मुकुटाचं चित्र काढायला. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची, म्हणून त्यांच्याकडून आधी कवायत करून घेतली. प्रिझमचे कॅमेरे तसूभरही हलून चालत नाहीत, त्यांना पक्की बैठक लागते. त्याच दिवशी पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक नाएगमवाला सोलापूर जिल्ह्यात जेऊरला ठाण मांडून होते, आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही तिथेच.

"जेऊर?" मेहुणे उसळले. "माझी सासुरवाडी करमाळ्याची! इतक्या वर्षांत एकाही माणसाने मला हे सांगितलं नाही!"

तरुण थोडा खट्टू झाल्यासारखा वाटला. मग त्याचा चेहरा उजळला. "पण साहेब इलो होतो, ह्या खरा ना?"

"आला होता. तीस वर्षं उशिरा."

"मगे ठीक आसा. आमच्या हायवेच्या मानान बेगीनच इलो."

कन्या मघापासून कागद कट्ट्यावर पसरून, पेन्सिल चावत बसली होती. "बाबा, यातला शब्दच नाही, सूचनापण विस्कटलेली आहे." आणि तिने ती जुळवायला घेतली. लॉकियर खरा, हेलियम खरा, 1868 खरं, विजयदुर्ग तर तिच्या बुडाखाली तापत होता. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. गावाने काही बनवून सांगितलं नव्हतं. खऱ्याच गोष्टी तोंडातोंडी फिरता फिरता एकीच्या जागी दुसरी जाऊन बसली होती. तसं तर मेहुण्यांचं सगळंच ज्ञान याच पद्धतीने साठवलेलं आहे.

"तरी पटवर्धन राहिलेच," बायकोने भावाला चिमटा काढला.

आणि इथे मला सत्याला जागून सांगावं लागलं की 1868 च्या त्याच ग्रहणात, वर्णपट पाहण्याचं यंत्र घेऊन लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला थांबला होता. युरेनस शोधणाऱ्या हर्शेलचा नातू. ढगांनी त्यालाही छळलं, फटीफटीतून त्याने पाहून घेतलं. आणि जमखंडी संस्थान कुणाचं?

"पटवर्धनांचं!" मेहुण्यांची आरोळी खाडीच्या पलीकडे ऐकू गेली असेल. परतीच्या वाटेवर त्यांनी देवगडच्या दोन पेट्या हापूस घेतले, त्यातली एक पटवर्धनांच्या नावाने आम्हाला दिली.

जूनमध्ये कागद शाळेतून तपासून परत आला. कन्येने छापील सूचना खोडून तिच्या जागी तारखावार चार ओळी लिहिल्या होत्या. शेजारी लाल शाईत शेरा : 'शब्द बरोबर. प्रश्नात खाडाखोड करू नये.' आईला हा शेरा वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "बाईंना एकदा ऑगस्टात कोकणात पाठवा."

मेहुणे नेमके घरी होते. त्यांनी लगेच पुढचं फील्डवर्क जाहीर केलं : 20 मार्च 2034, खग्रास, लडाख. गाडी आमचीच.

"मामा, तिथे कुठला वायू सापडला?"

"अगं, तिथे मुळात वायूच कमी आहे!"