भार, भरवसा आणि पिकअप

गोव्यातल्या साखळीच्या बाजारातून वाळवंटी नदीच्या पुलाकडे निघालेल्या पिकअपच्या हौद्यात सिमेंटच्या गोण्या, गोण्यांवर सेंट्रिंगच्या फळ्या, फळ्यांवर सहा मजूर, आणि या सर्व वैभवाच्या मागे, हुकात पिन अडकवून वर खबरदारीचा दोर गुंडाळलेला, दोन चाकांचा काँक्रीट मिक्सर डुलत चाललेला ज्यांनी पाहिला असेल, त्यांना भारवहनशास्त्राच्या आमच्या प्रादेशिक शाखेचा निराळा परिचय करून देण्याचे प्रयोजन नाही. जी वस्तू जागची हलली ती ओढण्यास योग्य, हे या शाखेचे आद्य सूत्र होय. आणि ती हलली नाही, तर मजुरांनी खाली उतरून मागून ढकलावे, हे त्यावरील भाष्य.

परदेशांत मात्र या विषयाची फार दैना झालेली आहे. अमेरिकेत पिकअप बनविणारा कारखाना गाडी, तीतील माल, माणसे आणि मागचा ट्रेलर या सर्वांच्या एकत्रित वजनाची कमाल मर्यादा लेखी देतो, आणि ती विकत घेणारा इसम त्या आकड्यातून गाडीचे रिकामे वजन, स्वतःचे, बायकोमुलांचे व त्यांच्या सामानसुमानाचे वजन क्रमाने वजा करीत जाऊन, जे उरेल तेवढेच मागे जोडतो. तेही कारखान्याने ट्रेलरसाठी नेमून दिलेल्या निराळ्या मर्यादेच्या आत. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा हुकावर दाबून बसला पाहिजे, नाहीतर मागचे धूड वेगात दोन्ही बाजूंना हेलकावे घेऊ लागते, याचीही त्याला चिंता. युरोपात तर स्वतःचा ब्रेक नसलेला ट्रेलर भारासह 750 किलोंच्या पुढे गेला की तो रस्त्यावर आणण्याची मुभाच नाही. जेथे घराबाहेर पडण्यापूर्वी इतकी वजाबाकी करावी लागते, तेथे पराक्रमाला वाव उरावा तरी कोठे?

आमच्याकडे वजाबाकीच्या जागी भरवसा आहे. समजा, नोंदणीच्या दाखल्यात पिकअपचे रिकामे वजन 1,700 किलो आणि भारासह वजन 3,000 किलो नमूद आहे. म्हणजे माल व माणसे मिळून 1,300 किलोंची सनद. पन्नास किलोंच्या पंधरा गोण्यांचे 750, सहा मजूर आणि चालक प्रत्येकी 60 किलोंचे धरून 420, आणि फळ्या, टेकू, घमेली, फावडी यांचे अगदी हात आखडून 300 धरले, तरी बेरीज 1,470 होते. सनद येथेच संपली, आणि टन-सव्वा टनाचा मिक्सर अद्याप हिशेबात धरलेलाही नाही. हा ताळेबंद कंत्राटदारापुढे ठेवला, तर तो न रागावता मागच्या चाकांवरील पाट्यांकडे बोट दाखवतो. हे पाटे कमानदार राहावेत अशी कारखान्याची अपेक्षा असते; ते सपाट झाले म्हणजे गाडी ‘बसली’, आणि उलटे वाकले म्हणजे ती आता कोठे ‘भरली’. फारच वाकू लागले, तर गॅरेजात जाऊन आणखी एक पाटा चढवून घ्यावा, की गाडीची कुवत वाढली! अॅक्सल, टायर आणि ब्रेक यांना हे वर्तमान कळविण्याची तजवीज मात्र कोणी करीत नाही. ‘कांयच जायना, पात्रांव!’ या अभयवचनाने शास्त्रार्थ समाप्त होतो.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. कारण कायदा आहे, आणि तो सविस्तर आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यान्वये, गाडीत मर्यादेहून अधिक भार असल्याचा संशय आल्यास अधिकाऱ्याला ती काट्यावर नेण्याचा हुकूम करता येतो. मात्र तो काटा पुढल्या वाटेपासून 10 किलोमीटरांच्या किंवा मुक्कामापासून 20 किलोमीटरांच्या आत असला पाहिजे. म्हणजे काटा दूर असला, तर भार कायदेशीर झाला असे कोणी म्हणणार नाही, पण तो मोजावयाचा राहिला एवढे खरे. भार अधिक निघाल्यास, 2019 च्या दुरुस्तीनंतर, 20,000 रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनास 2,000 रुपये. दुसऱ्या वाहनामागे काय जोडावे याचेही नियम आहेत: बिघडलेले वाहन चालेल, नोंदणी झालेला ट्रेलर चालेल, आणि दोहोंतील अंतर पाच मीटरांहून अधिक नसावे. आमचा मिक्सर बिघडलेला नाही, नोंदलेला नाही, त्याला पाटी नाही, दिवा नाही. सबब तो कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि रकान्यात न बसणाऱ्या वस्तूला अडवावे कसे, या विवंचनेत तपासनीस असतानाच तो नाक्यापलीकडे गेलेला असतो.

आणि ज्या मुलखात हे घडते, त्याला वजन म्हणजे काय हे कोणी शिकवावे? खाणी धडाक्यात चालू असताना येथील खनिज मातीचा प्रत्येक ट्रक काट्यावर चढत होता, कारण टनाप्रमाणे पैसे होते. मांडवीकाठच्या धक्क्यांवरून बार्जी भरून मुरगावला गेल्या त्या मोजून गेल्या. पुढे 2012 साली बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाने त्या व्यवहारातील नुकसानीचा अंदाज 34,935 कोटी रुपये असा मांडला, तेव्हा इतके मोजूनही इतके निसटू शकते हे सरकारला समजले. तात्पर्य, पावती फाडावयाची असेल तेथे काटा हजर असतो. सहा मजुरांच्या वजनाची पावती कोणी मागत नाही.

खरा काटा चोर्ला घाटात आहे. चढणीवर इंजिन धापा टाकीत का होईना, ओढून नेते, आणि त्यावरून मालक गाडीची परीक्षा झाली असे समजतो. परंतु केरीकडे उतरताना ओढण्याचा प्रश्न संपून थांबविण्याचा सुरू होतो, आणि ब्रेक नसलेला मिक्सर आता मागून ढकलू लागतो. वेग दुप्पट झाला की ब्रेकांनी जिरवावयाची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतील पदार्थविज्ञान डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये टाकणाऱ्या चालकालाही लागू आहे. लाइनर तापून जळका वास येऊ लागला, की हौद्यातील मजूर फळ्या घट्ट धरतात. धरण्याजोगे त्यांच्यापाशी दुसरे काही नसते.

तेव्हा स्लॅब घालू पाहणाऱ्या यजमानांना एवढीच विनंती: मिक्सर आदल्या दिवशी ट्रकवर चढवून आणवा, गोण्या दोन खेपांत आणवा, आणि मजुरांना कदंबच्या बसचे तिकीट काढून द्या. खर्च थोडा वाढेल. तो स्लॅबच्या जेवणावळीतून वजा करावा.