कैलासवासी मिठूचे मालक

हे गृहस्थ प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच. दिसत नसले तर सध्या मुलाकडे गेले आहेत असं समजावं. विषय पाणीपट्टीचा असो, गुडघेदुखीचा असो की निवडणुकीचा, तिसऱ्या वाक्याला ते मिठूवर येतात. मिठू म्हणजे त्यांचा पोपट. त्याला जाऊन इतकी वर्षं झाली की तेव्हाचा पंतप्रधान कोण होता यावर घरात मतभेद आहेत. पण मिठू काय म्हणाला होता यावर नाहीत. ‘नुसता बोलायचा नाही हो, त्याला कळायचं!’ हे गृहस्थांचं ब्रीदवाक्य. अकबर-बिरबलाच्या गोष्टीत पोपट मेल्याची बातमी देणाऱ्याला शिक्षा होणार होती. इथे बातमी देणारा सुखरूप राहतो आणि शिक्षा ऐकणाऱ्याला भोगावी लागते. तरीही या माणसाला कंटाळवाणा म्हणून निकालात काढण्यापूर्वी त्याचा दावा तपासून पाहायला हवा. तो बहुतांशी खोटा आहे. पण जिथे खरा आहे, ती जागा खुद्द गृहस्थांच्याही ध्यानात आलेली नाही.

आधी पुरावे पाहू. ते महाराष्ट्रभर एकाच साच्याचे असतात. मेहुणा दारात आला की मिठू ‘चोर, चोर’ ओरडायचा आणि पुढे त्या मेहुण्यानं खरोखरच हातउसने पैसे बुडवले; म्हणजे त्याला कळायचं. पण हाच मिठू दूधवाल्याला, पोस्टमनला, सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना आणि आरशातल्या स्वतःलाही चोर म्हणत असे, हे पुराव्यातून वगळलेलं असतं. जुळलेलं तेवढं स्मरणात आणि चुकलेलं अडगळीत, ही पद्धत वापरली तर भिंतीवरची पालसुद्धा सर्वज्ञ ठरते. दुसरा पुरावा मिरचीचा. ‘लवंगी मिरची कचाकचा खायचा, डोळ्यांत टिपूस नाही. कोल्हापूरचा होता ना!’ वास्तविक मिरचीतल्या ज्या द्रव्यानं आपली जीभ भाजते, ते पक्ष्यांना झोंबतच नाही. कोल्हापूरचा असो की कोकणातला, कोणताही पोपट मिरची तितक्याच शांतपणे खातो. तिसरा पुरावा चारित्र्याचा. आपल्याकडच्या साध्या पोपटात गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ नराला येतो, तोही साधारण तिसऱ्या वर्षी. मादीला असा ठसठशीत कंठ येत नाही. या मिठूला दहा वर्षं झाली तरी कंठ नव्हता. यावरून निघणारा निष्कर्ष सोपा आहे, पण गृहस्थ काढतात तो वेगळा: ‘तो वृत्तीनं विरक्त होता. संसारात काही नाही, हे त्याला कळायचं.’

यावर कोणी म्हणेल, पोपटाला काहीच कळत नाही हा तरी माणसाचा अहंकारच नव्हे का? आक्षेप रास्त आहे. आयरीन पेपरबर्ग या संशोधक बाईंनी १९७७ साली दुकानातून एक करडा आफ्रिकी पोपट घेतला आणि त्याचं नाव ॲलेक्स ठेवलं. २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याच्यावर प्रयोग चालले. पन्नासेक वस्तू, सात रंग आणि पाच आकार तो ओळखायचा, सहापर्यंत मोजायचा आणि दोन वस्तूंत सारखं काय, वेगळं काय हेही सांगायचा. तेव्हा पक्ष्याचा मेंदू लहान म्हणून अक्कलही लहान, हे म्हणणं आता टिकत नाही. पण ॲलेक्सला तीस वर्षं रीतसर शिकवलं गेलं, पुन्हापुन्हा तपासलं गेलं आणि त्याच्या चुकाही मांडल्या गेल्या. मिठूची परीक्षा घेणारे, पेपर तपासणारे आणि निकाल लावणारे तिघेही एकाच घरातले, आणि तिघांचाही तो लाडका. अशा परीक्षेत आजवर कोणी नापास झालेलं नाही.

मग मिठूला कळत काय होतं? इथे मंडनमिश्रांची आठवण होते. शंकराचार्य त्यांचं घर शोधत आले तेव्हा, ज्या दारात पिंजऱ्यातले पक्षी वेदांच्या प्रामाण्यावर वाद घालत असतील ते घर त्यांचं, अशी खूण सांगितली गेली, अशी आख्यायिका आहे. तिचा अर्थ पक्षी मीमांसक होते असा नाही. घरात अष्टौप्रहर मीमांसा चाले, असा आहे. मिठूच्या घरात ‘अहो, ऐकलंत का’, ‘गॅस बंद केला का’ आणि ‘बाळ्या, अभ्यासाला बस’ हे चाले, म्हणून मिठूचं वाङ्मयही तेवढंच. पक्ष्याला आपल्यासारख्या स्वरतंत्री नसतात. श्वासनलिका खाली जिथे दुभंगते तिथल्या अवयवातून तो आवाज काढतो. तेवढ्या सामग्रीवर तो आईचा ‘अहो’ असा हुबेहूब काढायचा की वडील वर्तमानपत्र टाकून उठायचे. पण एवढा खटाटोप त्यानं करायचा कशासाठी? पोपट हा थव्याचा पक्षी आहे. रानात एकमेकांना ‘मी इथे आहे, तू कुठे आहेस’ असं सतत विचारत राहणं हा त्याचा धर्म. व्हेनेझुएलातल्या एका लहान हिरव्या पोपटावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की प्रत्येक पिलाची स्वतःची ओळखीची हाक असते आणि तिचा पहिला नमुना आईबाप घालून देतात. म्हणजे जवळपास बारसंच. पिंजऱ्यातल्या मिठूला आपला थवा मिळाला नाही, आपली हाक मिळाली नाही. समोर जो थवा दिसला तो बनियन घालून चहा पीत होता. त्या थव्यात एकमेकांना ज्या हाका मारल्या जात, त्या त्यानं उचलल्या. शब्दांचा अर्थ त्याला कळत नसेल. हाकेचा उपयोग मात्र नेमका कळला होता. गृहस्थांचा दावा खरा ठरतो तो एवढ्यापुरता.

आता दुसरा आक्षेप, आणि तो जास्त टोकदार आहे. इतकं प्रेम होतं, तर पिंजरा कशाला? यावर गृहस्थांचं उत्तर तयार असतं: ‘दार दिवसभर उघडंच असायचं. तरी गेला नाही. घर आपलं आहे हे त्याला कळायचं.’ पंख छाटलेले होते, ही माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही. आणि मिठू घरात आला तो जुन्या झाडाच्या ढोलीतून, डोळे नीट उघडण्याआधी, कुणीतरी हात घालून काढलेला. अशी किती पिलं बाजाराच्या वाटेवर पिशवीत गुदमरून मेली, त्यांच्या बोलण्याच्या गोष्टी सांगायला कोणी नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे. हे सांगितलं की गृहस्थ दुखावतात. आपल्याला गुन्हेगार म्हटल्याचं दुःख त्यांना नसतं, मिठूला मुद्देमाल म्हटल्याचं असतं. मुलीनं समजूत म्हणून बाबांना ‘लव्हबर्ड’ नावानं विकली जाणारी ऑस्ट्रेलियन बजीची जोडी आणून दिली. ती दिवसभर आपसात किलबिलते, माणसांकडे ढुंकून पाहत नाही. गृहस्थांनी आठवड्याभरात शेरा मारला, ‘यांना काही कळत नाही.’ खरं तर त्या जोडीचं एकमेकांशी पटतं आणि तिला माणसांची गरज पडत नाही, एवढंच.

मग अन्यायावर उभ्या असलेल्या या मायेला मान का द्यावा? त्याचं कारण मिठूच्या शेवटच्या वर्षांत सापडतं. पिंजऱ्यातला पोपट वीस-पंचवीस वर्षं जगू शकतो, आणि तेवढ्या काळात घरातली माणसं कमी होतात. आजी गेली, पण संध्याकाळी दिवेलागणीला ‘बाळ्या, पाय धुतलेस का’ हे तिच्याच आवाजात, तिच्याच हेलात येत राहिलं. त्या काळी आवाज साठवून ठेवणारे फोन खिशात नव्हते. बाळ्याचे केस पांढरे झाले, मुलगा न्यू जर्सीला आणि मुलगी बंगळूरला गेली, तरी ती चौकशी चुकली नाही. मिठू मेला तेव्हा एक पक्षी गेला, आणि बाळ्याची आई दुसऱ्यांदा गेली. पहिल्यांदा तेरा दिवसांचं सुतक होतं, भेटायला येणारे होते; दुसऱ्यांदा कुणी आलं नाही. पोपटासाठी रडणारा पन्नाशीचा माणूस म्हणजे आपल्याकडे हसण्याचा विषय. म्हणून बाळ्यानं, म्हणजे आपल्या या गृहस्थांनी, ते दुःख गमतीच्या गोष्टींत घातलं आणि जो भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली. तेच वाक्य, तोच हेल, तीच वेळ. पाठ केलेलं बोलतात म्हणून आपण त्यांना हसतो, पण ते करतात ते काम मिठूचंच आहे: थवा पांगलेला आहे आणि कुणी ओ देतं का ते पाहायचं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी जिन्यात त्यांनी गाठलं, तर घड्याळाकडे पाहू नये. उलट आपणच विचारावं, ‘मिठूला कंठ कधी आला होता हो?’ उत्तर लांबेल, त्यात विरक्ती येईल, कदाचित या वेळी एखादा नवा अभंगही मिठूच्या तोंडी घातला जाईल. पक्षिशास्त्राच्या दृष्टीनं त्यातलं एक वाक्य बरोबर नसेल. दुरुस्त करू नये.