पंपाच्या बाजूने एक अर्ज

प्रति,
सन्माननीय स्वयंनियुक्त ट्रॅक्टर सल्लागार मंडळ,
पाली तिठा, ता. जि. रत्नागिरी

स.न.वि.वि.

हातखंब्याकडून आलेला रस्ता पालीत फुटतो; एक लांज्याकडे जातो, दुसरा नाणीज-साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरला. या तिठ्यावर चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली ओढणारा एखादा जुना ट्रॅक्टर अर्ध्या तासाच्या चालीनंतर गचके खात बंद पडला की आपल्या मंडळाची बैठक आपोआप भरते. नोटीस लागत नाही, गणसंख्येची अडचण येत नाही, आणि ठराव तर आधीच लिहून ठेवलेला असतो : ‘गरम झाला की बंद पडतो ना? मग पंप गेला. उतरव.’ बॉनेट उघडण्यापूर्वी निदान करण्याची ही विद्या वैद्यकालाही अजून साधलेली नाही. तिच्याबद्दल पूर्ण आदर राखून, ज्याचे म्हणणे कोणीच ऐकून घेत नाही त्या डिझेल पंपाच्या वतीने हा अर्ज करीत आहे.

मंडळाच्या निदानाचा सगळा डोलारा एका निरीक्षणावर उभा आहे. ट्रॅक्टर थंड असताना चालतो, तापल्यावर थांबतो, निवल्यावर पुन्हा चालतो. निरीक्षण खरेच आहे. पण त्या अर्ध्या तासात फक्त तापमानच वाढते का? त्याच वेळात टाकीतले डिझेल खाली जाते, तळचा गाळ ढवळून जाळीकडे सरकतो, आणि सपाट रस्ता संपून भरल्या ट्रॉलीसह चढ लागतो. म्हणजे उष्णता, वेळ आणि भार हे तिघेही बरोबरच वाढतात आणि ट्रॅक्टर उभा केला की तिघेही बरोबरच उतरतात. मंडळ मात्र तिघांपैकी एकालाच धरून आणते, कारण बॉनेटवर हात ठेवला की चटका त्याचाच बसतो.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते, त्यामुळे इंजिन मोकळे फिरत असूनही जर ते विझले, तर बहुतेक वेळा त्याला डिझेल मिळालेले नसते. गरम झाल्यावर कॉइल दगा देते, कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाफ अडकते, हे सगळे ज्ञान स्कूटर-रिक्षांच्या गॅरेजमधून आलेले आहे आणि तिथे ते बरोबरही होते. डिझेलची वाफ व्हायला सुमारे १५० अंशांच्या वर जावे लागते. बॉनेटखालचा पाइप तेवढा सहसा तापत नाही. तरीही ट्रॅक्टरभोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी ‘वाफ धरली’ म्हणतोच, आणि बाकीचे माना डोलावतात.

आता आमच्या पहिल्या संशयिताकडे वळू. डिझेल टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असते. जेवढे डिझेल खाली जाते तेवढी हवा त्यातून आत यावी, एवढेच त्याचे काम. आपल्याकडची तांबडी माती डिझेलच्या ओशटपणात मिसळली की तिचा चिखल त्या छिद्रात घट्ट बसतो. कधी कुंभारीण माशीलाही ती जागा घरासाठी पसंत पडते. छिद्र बुजले की टाकीत हळूहळू पोकळी तयार होते. काही वेळ मुख्य पंपाला डिझेल पुरवणारा फीड पंप ओढाताण करून ते आणतो, मग त्याचा दम संपतो आणि इंजिन थांबते. ट्रॅक्टर उभा राहिला की झाकणाच्या कडेने थोडी थोडी हवा आत शिरते आणि अर्ध्या तासाने तो शहाण्यासारखा सुरू होतो. मंडळ म्हणते, ‘बघा, निवला!’ खरे तर निवण्याचा इथे काही संबंधच नव्हता. टाकीतली जाळीही अशीच फसवते. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अर्ध्या भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी होते, पत्रा गंजतो, पाणी-डिझेलच्या सीमेवर काळपट शेवाळासारखा थर वाढतो. इंजिन ओढ घेत असेपर्यंत हा कचरा जाळीला चिकटून राहतो, आणि ओढ थांबली की सुटून तळाला बसतो. पुन्हा तोच देखावा, पुन्हा तोच ठराव.

यावर मंडळातील ज्येष्ठ म्हणतील, पंप झिजतच नाही असे तुमचे म्हणणे आहे का? मुळीच नाही. पंपाच्या आतले भाग एकमेकांत दोन-चार मायक्रॉनच्या फटीने बसलेले असतात. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. झीज होऊन ती फट वाढली की थंड, दाट डिझेल कसेबसे दाब धरते, पण तापून पातळ झालेले डिझेल आतल्या आत निसटते. विशेषतः रोटरी पंपात हे दिसते : गरम इंजिन एकदा बंद केले की स्टार्टर कितीही फिरवा, ते पकडत नाही. पण या गुन्ह्याची ओळखपरेड सोपी आहे. बंद पडलेल्या इंजिनाच्या पंपावर ओले फडके टाकून काही मिनिटे थांबावे. इंजिन तापलेलेच असताना केवळ पंप गार केल्याने ते सुरू झाले, तर पंप दोषी. आमचा अर्ज रद्द समजावा. त्याआधी मात्र बंद पडल्या क्षणी टाकीचे झाकण सैल करून पाहावे. ‘सुस्स’ असा आवाज आला आणि ट्रॅक्टर लगेच सुरू झाला, तर फडके भिजवण्याचीही गरज नाही. तेही निष्फळ ठरले तर फिल्टरवरचा बोल्ट सैल करून डिझेल सलग येते की बुडबुड्यांसह, ते पाहावे. बुडबुडे असतील तर टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या पाइपात कुठेतरी ‘एअर’ घेतो आहे.

सर्वांत जड पुरावा मंडळाकडून हमखास येतो तो असा : ‘अमक्याने पंप बदलला आणि ट्रॅक्टर धडधडीत चालू झाला.’ झाला असेलच. पण पंप बदलताना फिल्टर नवा टाकला, जोडांचे तांब्याचे वॉशर बदलले, पाइप आवळले, ‘एअर’ काढली आणि टाकी साफ करायची म्हणून झाकणही धुतले. पंपासकट सहा कामे एका दमात केली आणि श्रेय सगळ्यांत महागड्याला दिले. श्रेय कोणाचे ते ठरवायचे तर कामे एकेक करून करायला हवीत, स्वस्तातले आधी. ‘लावणीच्या दिवसांत एवढे प्रयोग करायला वेळ कुणाला?’ हाही आक्षेप ऐकू येतो. झाकण सैल करायला जेवढा वेळ लागतो, त्याहून पंप रत्नागिरीला नेऊन आणायला कमी लागत असेल, तर आम्ही निरुत्तर आहोत.

‘हल्लीचे डिझेलच वाईट’ या पक्षाचेही थोडे ऐकायला हवे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बी.एस. ६ इंधन आले, गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० पर्यंत उतरले. त्याने पंप कोरडे पडतील ही भीती फारशी खरी नाही, कारण वंगणक्षमतेसाठी त्यात पूरक द्रव्ये घालावी लागतात आणि तिची कसोटी मानकातच आहे. पण इंधनाची घडण बदलली की जुनी रबरी सीले आकसू शकतात आणि जोडांतून हवा शिरू शकते. म्हणजे या पक्षाचा संशय अगदीच पोकळ नाही. फक्त तोही पंपाकडे न जाता पाइपाकडे जातो.

एक गोष्ट मात्र थट्टेबाहेरची. तापमानाचा काटा खरोखरच लाल पट्ट्यात असेल, इंजिन रडत रडत मंदावून थांबले असेल आणि नंतर हाताने फिरवताना जड लागत असेल, तर ते वेगळे दुखणे आहे. तिथे रेडिएटरच्या पात्यांत बसलेली धूळ-गवत, सैल फॅन बेल्ट, वॉटर पंप यांच्याकडे पाहावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, आणि तापल्या इंजिनावर बादली ओतण्याचा आपला लाडका उपाय तर बिलकूल नको. हेड तडकले की पंपापेक्षा मोठा खर्च येतो.

कळावे.

आपला,
एक पंपहितैषी

ता.क. छिद्र बुजलेले सापडले म्हणून झाकणच काढून टाकू नये. चढावर धूळ आणि आषाढात पाणी टाकीत जाईल. बारीक तारेने छिद्र मोकळे करून झाकण डिझेलमध्येच धुवावे, पाण्याने नव्हे.