घरगुती फळमीड: साहित्य, कृती आणि उपद्व्याप

मध पाण्यात कालवून आंबवला की मीड होते आणि त्यात फळे घातली की फळमीड. व्याख्या एवढीच आहे. पुढचा सगळा पसारा माणसाने हौसेने वाढवलेला आहे.

मध आपण होऊन आंबत नाही. त्यात सुमारे ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी असते. इतक्या दाट पाकात पडलेल्या यीस्टच्या पेशीतलेच पाणी बाहेर ओढले जाते आणि ती निपचित पडून राहते. वरून पाणी ओतले की हा बंदोबस्त उठतो आणि यीस्ट साखरेवर तुटून पडते. साखरेच्या साधारण निम्म्या वजनाचे अल्कोहोल होते आणि जवळजवळ तितक्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो. किलोभर साखर आंबली तर त्यातला अर्ध्या किलोच्या आसपासचा ऐवज बुडबुड्यांच्या वाटेने घराच्या हवेत जातो. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे छताला जे काही लागते, त्याचे मूळ इथे आहे.

फळ घालण्याची खोड नवी नाही. चीनच्या हनान प्रांतातील जियाहू येथे सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची खापरे सापडली. त्यांत तांदूळ, मध आणि द्राक्ष किंवा हॉथॉर्न यांच्या आंबवलेल्या पेयाचे अंश असल्याचे पुरातत्त्वज्ञ पॅट्रिक मॅकगव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे ज्ञात इतिहासाच्या पहिल्याच पानावर ‘नुसता मध कशाला, थोडं फळ टाकून बघू’ म्हणणारा इसम हजर आहे. त्याच्या घरच्यांचे म्हणणे खापरावर उमटलेले नाही. पुढे पहिल्या शतकात रोमन कृषिलेखक कोलुमेला याने मीडसाठी साठवून जुने केलेले पावसाचे पाणी घ्यायला सांगितले. सतराव्या शतकात सर केनेल्म डिग्बी या इंग्रज सरदाराने ओळखीच्या उमरावांकडून मधाच्या पेयांच्या शंभरावर कृती गोळा केल्या. त्या १६६९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. मिश्रण पुरेसे दाट झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यात अंडे सोडत आणि त्याचा नाण्याएवढा भाग वर तरंगला की झाले म्हणत. अंडे ताजे की शिळे यावर हे सगळे गणित हलते, पण उमरावांना घाई नसावी.

आज हा छंद सर्वांत जोमाने फोफावला आहे तो अमेरिकेत, आणि त्याचे कारण कायद्यात आहे. घरी बिअर करायला तिथे १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या सहीने मोकळीक मिळाली. मीड वाइनच्या सदरात मोडत असल्यामुळे तिला ती आधीपासूनच होती. संघराज्याच्या कायद्याप्रमाणे एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरात २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५७ लिटर, करमुक्त करता येते. विकता मात्र येत नाही. दोन प्रौढ एका घरात राहत असले की पुरे. ते एकमेकांशी बोलत असले पाहिजेत अशी अट नाही. मीडचा छंद दुसऱ्या वर्षात शिरलेल्या घरांच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे.

न्यू जर्सीतल्या मराठी घरात फळमीड साधारणपणे तळघरात किंवा गराजमध्ये वसते. सुरुवात भांड्यांपासून होते. मोठ्या झाकणाची प्लास्टिकची बादली, काचेचा एक गॅलनचा बुधला, वायू बाहेर सोडणारे पण हवा आत न घेणारे एअरलॉक नावाचे नळकांडे, नळी आणि द्रवाची घनता मोजणारा हायड्रोमीटर. हे सगळे आधी साबणाने धुवायचे आणि मग सॅनिटायझरच्या पाण्यात बुडवायचे. इथे एरवी कसलेही विधिनिषेध न पाळणाऱ्या गृहस्थाच्या अंगात कडक सोवळे संचारते. बुधल्याला कोणी हात लावायचा नाही, चमचा ओट्यावर टेकला की बाटला, नळीचे टोक जमिनीला लागले की पुन्हा बुडवणे. नेहमी वापरल्या जाणाऱ्या सॅनिटायझरला भरपूर फेस येतो आणि तो धुऊन काढायचा नसतो. फेसासकटच भांडे भरायचे असते. हे वाचूनही नवखा माणूस पहिल्या खेपेला तो फेस नळाखाली धुतोच.

एका गॅलनला, म्हणजे पावणेचार लिटरला, १.३ किलोच्या आसपास मध लागतो. डिग्बीच्या काळी मध उकळून वरची मळी काढत. आता कोणी उकळत नाही, कारण मधाचा वास वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे जातो आणि आपल्याकडे नुसता गोडवा उरतो. मध कोमट पाण्यात ढवळायचा आणि हायड्रोमीटर सोडायचा. साध्या पाण्यात तो १.००० दाखवतो, या मिश्रणात १.१०० च्या जवळपास. आंबणे संपल्यावर तो पुन्हा १.००० वर आला, तर दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणायचे. उत्तर येते साधारण १३ टक्के अल्कोहोल. हायड्रोमीटर पातळ काचेचा असतो आणि ओट्याच्या कडेकडे घरंगळतो. म्हणून जाणती माणसे दोन विकत घेतात.

यीस्ट पाच ग्रॅमच्या पुडीत येते. फळमीडसाठी ७१बी नावाची जात बहुतेकांच्या पसंतीची आहे, कारण ती फळातल्या मॅलिक आम्लाचा काही भाग खाऊन आंबटपणा उतरवते. ईसी-१११८ ही शँपेनची जात १८ टक्क्यांपर्यंत तग धरते. ती साखरेचा कण मागे ठेवत नाही आणि फळाचा वासही बराचसा सोबत घेऊन जाते. तिला तगडी म्हणून निवडणारे पुढे तिला अधाशी म्हणतात.

यीस्टला नुसती साखर पुरत नाही, नत्र लागते, आणि मधात ते नावापुरतेच असते. उपाशी यीस्ट सडक्या अंड्याचा वास सोडून निषेध नोंदवते. त्यासाठी पहिल्या काही दिवसांत थोडे थोडे करून पोषकद्रव्य द्यायचे, आणि त्यातले एक प्रमुख द्रव्य आहे डीएपी. होय, तेच डायअमोनियम फॉस्फेट. विदर्भातून वा मराठवाड्यातून आलेल्या मुलाने उभ्या आयुष्यात ज्याची पोती बैलगाडीतून उतरवली, तेच आता तो न्यू जर्सीत काट्यावर ग्रॅमच्या हिशेबाने तोलतो. फरक इतकाच की हे खाण्यायोग्य शुद्धतेचे असते. कृषी केंद्रातले पोते यासाठी उघडू नये. मनुक्यांनी हे काम भागते असा एक जुना समज आहे. संत्र्याच्या एका गाजलेल्या अमेरिकी कृतीत तर मोजणाऱ्यांसाठी त्यांची संख्याही दिलेली आहे: २५. पंचवीस मनुके गॅलनभर यीस्टला पोसतात, हे म्हणणे एका शेंगदाण्यावर वऱ्हाड जेवू घालण्यापैकी आहे. मनुके चवीला चांगले असतात, एवढ्यासाठी घालावेत.

आता फळ. इथपर्यंत सारे सुरळीत असते.

फळ दोन वेळी घालता येते. सुरुवातीलाच घातले तर रंग चांगला उतरतो, पण उसळणाऱ्या वायूबरोबर वास उडून जातो. जोराचे आंबणे ओसरल्यावर घातले तर वास राहतो. दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे लोक आहेत. फळ दोनदा घालणाऱ्यांची मीड सहसा जास्त चांगली होते आणि ते कमी बोलतात. फळ आधी फ्रीजरमध्ये गोठवून घ्यावे. बर्फाच्या कणांनी पेशी फाटतात आणि रस सहज सुटतो. शिजवू नये, उष्णतेने पेक्टिन सुटते, आणि पेरूच्या जेलीला जे घट्ट धरून ठेवते तेच मीडला गढूळ ठेवते. गॅलनला एक-दीड किलो फळ घालतात. रासबेरी त्याहून कमीही पुरते.

बादलीत पडलेले फळ बुडून राहत नाही. वायू त्याला खालून ढकलतो आणि वर जाड साय धरते. ती दिवसातून दोनदा चमच्याने खाली दाबायची असते, नाहीतर वरचा कोरडा थर बुरसतो. हे काम विसरले जाते ते नेमके रासबेरीच्या वेळी. बादली काठोकाठ भरलेली, फळ फुगून वर आलेले, आणि सालीचा नखाएवढा तुकडा एअरलॉकच्या भोकात जाऊन बसतो. बाहेरून काहीच कळत नाही. बुडबुडे थांबलेले पाहून गृहस्थ ‘झालं वाटतं आंबून’ म्हणून झोपायला जातो. रात्री केव्हातरी झाकण उडते. सकाळी छतावर एक गुलाबी वर्तुळ असते, त्याच्याभोवती बिया, आणि खाली धुलाई यंत्रावर वाळत घातलेले पांढरे शर्ट आता पांढरे नसतात.

दुसरा प्रकार भर दिवसा, माणसाच्या डोळ्यांदेखत होतो. मिश्रणात वायू ठासून विरघळलेला असतो. त्यात डीएपीची कोरडी पूड एकदम टाकली की प्रत्येक कणावर बुडबुडा धरतो आणि सगळा वायू एकाच क्षणी बाहेर पडायचे ठरवतो. माणूस दोन्ही हातांनी बुधल्याचे तोंड दाबतो. हे करू नये. त्याने धार फक्त आडवी होते. आधी हलक्या हाताने ढवळून वायू काढावा, पूड थोड्या पाण्यात विरघळवून मगच ओतावी, आणि भांड्यात वरची चौथाई जागा मोकळी ठेवावी.

मराठी करणाऱ्याला एक खास मोह होतो, तो आंब्याचा. न्यू जर्सीतल्या इझलिन गावच्या दुकानांत आमरसाचे ८५० ग्रॅमचे डबे रांगेने मांडलेले असतात आणि पहिली फळमीड हापूसचीच व्हावी असे वाटणे साहजिक आहे. पण डब्यातल्या रसात बहुधा साखर घातलेली असते, ती मोजणीत धरली जात नाही आणि मीड ठरवल्यापेक्षा जहाल होते. शिवाय हा रस गाळून निवळत नाही. बुधल्याच्या तळाशी तिसऱ्या भागापर्यंत पिवळा चिखल साचतो आणि नळी त्यात अडकते. आंब्यातली साखर यीस्टने खाल्ली की उरतो तो कोयीजवळचा, किंचित टर्पेंटाइनच्या वळणाचा वास. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली आई नेमकी याच सुमारास तळघरात उतरते आणि झाकण उघडून म्हणते, “अरे, नासलंय हे. टाकून दे.” शास्त्रदृष्ट्या हे निदान अचूक आहे. मीड म्हणजे ठरवून, मापून नासवलेला मधच. आपण ठरवल्यासारखा नासला की त्याला यश म्हणतात.

ज्याला पहिलाच प्रयत्न करायचा आहे त्याने सफरचंद घ्यावे. पाण्याऐवजी सफरचंदाचा रस वापरला की सायझर होते. साय धरत नाही, बिया नाहीत, छत कोरडे राहते. रसाच्या बाटलीवर सॉर्बेट घातल्याचा उल्लेख नाही एवढे पाहावे; असेल तर यीस्ट वाढणारच नाही.

जोराचे आंबणे दोन-चार आठवड्यांत आटोपते. त्यानंतर वरची मीड नळीने अलगद दुसऱ्या बुधल्यात ओढून घ्यायची आणि गाळ मागे ठेवायचा. मग काहीही करायचे नाही. या छंदातली ही सर्वांत अवघड पायरी असून बहुतेक मीड इथेच बिघडते. माणूस दर आठवड्याला झाकण काढतो, नमुना घेतो, ओठ मुडपतो, काहीतरी घालतो. दर वेळी आत हवा जाते आणि हळूहळू ओल्या पुठ्ठ्याची चव येते. पोलंडमध्ये एक भाग मधाला अर्धा भाग पाणी असे प्रमाण घेऊन पुवतोराक नावाची मीड करतात, ती किमान तीन वर्षे मुरवण्याचा नियम आहे. तिथल्या लोकांना तळघराला कुलूप लावता येत असावे.

बाटल्या भरण्यापूर्वी हायड्रोमीटरचा आकडा काही आठवड्यांच्या अंतराने घेऊन तोच राहतो ना, हे पाहणे हा या शास्त्रातला एकमेव गंभीर नियम आहे. गोडी वाढवायला वरून मध घालायचा असेल, तर आधी पोटॅशियम सॉर्बेट आणि सरबते टिकवणाऱ्यांच्या परिचयाचे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट ही जोडी घालून यीस्टला पुन्हा वाढू न देण्याची तजवीज करावी. तसे न करता गोड मीड बुचात कोंडली, तर आत पुन्हा आंबणे सुरू होते आणि काच फुटते. छताला लागलेली रासबेरी हसण्यावारी नेता येते, काचेचे तुकडे नाही. मीडमुळे डोळे जातात ही भीती मात्र अनाठायी आहे. नुसत्या आंबवण्यात मिथेनॉल अत्यल्प तयार होते. ऊर्ध्वपातन ही वेगळी आणि धोक्याची गोष्ट असून ती अमेरिकेतही घरी करायला मनाई आहे.

तयार मीड पाहुण्यांना देताना ती घरी केल्याचे पिऊन झाल्यावर सांगावे. आधी सांगितले तर ते चव न घेता चेहरा सांभाळतात. बाटलीवर फळ, यीस्टची जात आणि तारीख लिहावी. वर्षभराने चांगली निघालेली बाटली कशाची होती हे कोणालाच आठवत नाही, आणि वाईट निघालेली मात्र सगळ्यांना आठवते.

महाराष्ट्रात कच्च्या मालाची ददात नाही. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, आणि स्ट्रॉबेरीही तिथून हाकेच्या अंतरावर पिकते. पुण्यात आणि नाशिकला परवाना घेऊन मीड करणारे उद्योग आहेत. नाशिकच्या सेराना मीड्सने तर आपले नाव सातेरी माशीच्या शास्त्रीय नावावरून घेतले आहे. वाचकाने त्यांच्याकडची बाटली आणावी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते पिण्याजोगे झालेले असो वा नसो.